घडीखालची ओळ

आबिजान, गुरुवार

बाकसोबत्या तानो,

तुला आणि आमवाँ वहिनींना या म्हाताऱ्याचा नमस्कार. गुडघा काय म्हणतो? वहिनींची बुआकेच्या मोटारतळावरची तळलेल्या केळ्यांची गाडी जोरात आहे ना? (हे निव्वळ शिष्टाचार म्हणून विचारत नाही, पण ते मागाहून.) मी ठणठणीत आहे, फक्त मंगळवारपासून एका जागी बसवत नाही. खुर्चीत बसलो की दार आठवतं, दारात गेलो की खुर्ची. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठलो.

कारण आपली आफुए. नात माझी, पण लहानपणी तुझ्याच खांद्यावर जास्त बसलेली. वर्तमानपत्रात उमेदवारी करते. मंगळवारी तिची पहिली मोठी बातमी आली, सहाव्या पानावर, आणि मथळा थेट पहिल्या पानावर! मी इस्त्रीचा सदरा घालून ब्लांदीनबाईंच्या पेपरच्या टपरीवर गेलो. आमच्या टपरीची रीत तुला ठाऊकच आहे. पेपर अर्ध्यात घडी घालून दोरीला चिमट्यांनी टांगलेले आणि समोर तरुणांची ही गर्दी. मथळे वाचायचे, आतला मजकूर आपापल्या मनाने रचायचा आणि त्यावरून दुपारपर्यंत भांडायचं. विकत कोणी घेत नाही. बोट लावलं की ब्लांदीनबाई खेकसतात, "डोळ्यांनी वाच रे, हातांनी नको!" या मथळेपंडितांचा म्होरक्या द्रिसा, टायरवाला. त्याचं म्हणणं, मथळा म्हणजे माशाचं डोकं. डोकं पाहून मासा कळतो, उगाच पोट कशाला फाडायचं? (आपल्या लहानपणी गावात एकच पेपर यायचा, तोही शिळा. गुरुजी आंब्याखाली बसून जाहिरातींसकट वाचून दाखवायचे. साबणाच्या जाहिरातीलाही चाल लावायचे, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. असो.)

दोरीवर ठळक अक्षरं लोंबत होती: "खाडीकाठचं मैदान विकलं". पोरांचं खेळायचं मैदान! कुणी घेतलं, कितीला घेतलं, कुणाच्या मेहुण्याने मध्ये किती खाल्ले, हे सगळं द्रिसाने तेवढ्या तीन शब्दांवरून सांगितलं. मग माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमच्या नातीनं बिंग फोडलं बघा! दोन शब्द बोला." तानो, मला तू ओळखतोस. इतके तरुण कान समोर आल्यावर मी कसला राहतो! तिसरीत बाकावर उभं राहून आपण म्हणायचो ती कविता तोंडात आली: "थांब जरा रे नदीकिनारी, हलू नको रे, हलू नको!" दुसरी ओळ काही केल्या आठवेना, म्हणून पहिलीच हात उंचावून पुन्हा पुन्हा म्हटली. (कवितेत नदी, मैदान खाडीकाठी; पण जमावाला भूगोल लागत नाही.) पोरं माझीच ओळ गर्जत निघाली आणि मैदानात ठिय्या देऊन बसली. तेवढ्यात पालिकेचा ट्रक आला. तो पोरांनी हाकलून लावला. आत काय होतं सांगू? फुटबॉलचे नवे गोलखांब. जाळ्यांसकट.

आफुए धापा टाकत पोचली. म्हणाली, "अरे, मथळ्याची दुसरी ओळ घडीखाली होती! 'ही निव्वळ आवई. पालिका नवे गोलखांब देणार.' मी उलटंच लिहिलंय!" द्रिसा शांतपणे म्हणाला, "ताई, लिहिलंस तू, पण समजलंय आम्हाला." सगळे हसले. ती हसली नाही. संपादकांनी तिला सुनावलं होतं, तुझ्या बातमीने वस्ती पेटली. सोमवारी ट्रक पुन्हा येईल; तो सुखरूप आत गेला नाही, तर मंगळवारपासून येऊ नकोस. मग ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही तरी वाचलंत ना? तुमचं ऐकतील हे."

मी म्हणालो, "अक्षरन् अक्षर." आणि आत काय आहे ते कुणी विचारण्याआधीच पुढे जाहीर केलं की अंक मी उशीखाली जपून ठेवलाय, रविवारी टपरीसमोर मोठ्याने वाचूनच दाखवतो. द्रिसा म्हणाला, "मास्तरांनी वाचलं तर ऐकू. खरं निघालं तर ट्रकला वाट देऊ." आफुएने माझा हात घट्ट धरला. तेव्हापासून तो हात कुठे ठेवावा हे मला कळत नाही.

तुम्हा दोघांना उदंड आयुष्य लाभो, आणि गुडघ्यालाही.

तुझा,
योबुए

ता. क. उशीखाली चष्म्याची डबी आहे. अंक नाही. मीही माशाचं डोकंच पाहिलं. ब्लांदीनबाईंचे न खपलेले अंक त्याच संध्याकाळी परत गेले, आणि आफुएकडे कोणत्या तोंडाने मागू? वहिनी केळी रद्दीत बांधून देतात ना? मंगळवारच्या अंकाला हात लावू नका म्हणावं! पत्र आजच्याच बसने पाठवतो; सहावं पान शनिवारच्या परतीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दे. तेलाचे डाग चालतील.

आणखी एक. जाताना आफुए म्हणाली, "बातमीच्या शेवटी तुमचीच कविता घातलीय, दोन्ही ओळी. आवडली?" मी "वा, वा" म्हणालो. दुसरी ओळ कोणती रे?

चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितो आहे. आठवली!

अर्धे ऐकुन तिचे बोलणे, घडा रिकामा नेउ नको!

पान पाठव, तानो. आणि घडी घालू नकोस.