मधल्या भिंती

३ जून
लागली एकदाची नोकरी! प्रयोगशाळेच्या मागेच दोन खोल्या, नळाला चोवीस तास पाणी, ठकीला हुंदडायला व्हरांडा. चार वर्षांची माझी लेक, पण ही बया आल्या आल्या शेजारणीच्या मांडीवर जाऊन बसली. चला, सांभाळायची सोय झाली.

काम उंदरांच्या आतड्यातल्या फीतकृमींचं. मेणात बसवलेल्या कृमीचे केसाहून पातळ काप काढायचे, ओल्या कुंचल्याने उचलून काचेवर ठेवायचे, रंगवायचे. शिकवणारे काका निवृत्तीला आलेत. म्हणाले, याला तोंड नाही, पोट नाही, सगळ्या अंगाने खातो. म्हटलं, आमचे भावजी असेच, फक्त तोंड जास्तीचं. काका पोट धरून हसले.

५ जून
सूक्ष्मदर्शकातून कृमीची कातडी पाहिली. आपल्या पेशी फरशांसारख्या शेजारी शेजारी, प्रत्येकीला आपली हद्द. याच्या कातडीत मधल्या भिंतीच नाहीत. सगळं एकमेकांत ओतलेलं.

काका रागावले. कुंचल्याचं टोक मी ओठांनी ओलं करत होते. सुईत दोरा ओवायची सवय, दुसरं काय! फॉर्मलिनमधला किडा मेलेलाच असतो, असं मीच त्यांना सुनावलं.

९ जून
भूक मेली आहे. आज दूध उतू गेलं, ओट्यावरचं हाताने निपटलं. फडकं घ्यायला वळले तोवर हात कोरडा. पोटात मात्र ऊब.

११ जून
गालाच्या आतून खरवडून स्वतःच्या पेशी घेतल्या, शाळेत करतात तशा. रंगवल्या. भिंती नाहीत.
कुणाची ते न सांगता काकांना काच दाखवली. म्हणाले, छान रंगलाय, कुठल्या उंदरातला?


१३ जून
ठकी वाळत चाललीय. डॉक्टरांना काही सापडत नाही. रोज माझ्या दंडावर गाल टेकून झोपते. मी जेवत नाही, आणि माझं वजन वाढलंय.
देवा, नको ते मनात येतंय. आजपासून तिला वेगळं निजवायचं.

१४ जून
रडून बेजार झाली — दुपारी मलाच डुलकी लागली — जाग आली तर ही कुशीत शिरलेली —
डाव्या हाताने लिहितेय. उजव्या दंडावर तिचा गाल. सुटत नाही. ओढलं की मलाच दुखतं, तिला नाही —
काकांना हाक मारली. कातरी आणा म्हटलं — पण कापायचं कुठून — ती कुठे संपते तेच —
ठकी, डोळे उघड गं — किती हलकी झालीस —
सकाळपासून घोटभर पाणी नाही, तरी माझं पोट कसं भरत—