छत्तिसावा फोटो

जळोची, बारामती
१२ जानेवारी १९९७

ती. दाजींना सिद्धूचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. उत्कर्षा चालायला लागली हे आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि कार्ड देवळीत ठेवून दिलं. तात्यांचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी उसाला पाणी द्यायला जातातच. मेंढरं विकून दहा वर्षं झाली, पण चारला उठायची खोड काही जात नाही. माझं म्हणाल तर कुंडलिकशेठच्या स्टुडिओत काम चालू आहे. दिवसभर पासपोर्ट फोटो. मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका. याला काय कला म्हणायची! असो.

तुम्ही अक्काच्या फोटोचं विचारलंत. पाठवणीच्या वेळी मी तिचा एकटीचा काढलेला, हसरा. आहे ना. पण लग्नाच्या निगेटिव्ह पुण्याला एका मित्राकडे आहेत. त्यातल्याच एका फोटोला प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं, हे तुम्हाला सांगितलं होतं का? मित्र सध्या गावाला गेलाय. आला की मोठी प्रिंट करून घेतो. अक्काच्या वर्षश्राद्धाला अजून दोन महिने आहेत, काळजी नसावी.

उत्कर्षाला सांभाळणाऱ्या द्वारकामावशींना नमस्कार. उत्कर्षाला मामाचा पापा.

तुमचा,
सिद्धू


जळोची
२० फेब्रुवारी १९९७

ती. दाजी,

नमस्कार. तुम्ही इंदापुरातून काच-चौकटसुद्धा करून आणलीत, म्हणजे आता माझीच पंचाईत. प्रिंट केली होती, पण लॅबवाल्यानं घोटाळा केला, पार काळी आली. पुन्हा करायला टाकली आहे. वेळेत नाहीच मिळाली तर तुमच्याकडे अक्काचा दुसरा एखादा आहे का? मतदान ओळखपत्राचा वगैरे? त्यावरूनही मोठा करता येतो.

घाईत आहे. बाकी भेटीत.

सिद्धू


जळोची
११ मार्च १९९७

दाजी,

रविवारी पळसदेवला आलो, जेवलो, उत्कर्षाला खांद्यावर घेऊन धरणाच्या पाण्यापर्यंत जाऊन आलो, आणि जे सांगायला आलो होतो ते न सांगताच संध्याकाळच्या एसटीत बसलो. तुम्ही स्टँडवर सोडायला आलात तेव्हाही जमलं नाही. तोंडानं होत नाही म्हणून लिहितोय.

अक्काचा फोटो नाही. पुण्यात नाही, माझ्याकडे नाही, कुठेच नाही. तो मित्र, ती काळी पडलेली प्रिंट, सगळं खोटं आहे.

ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं तुमच्या गावात आली तेव्हा अक्का पंचमीला आमच्याकडे आली होती, हे तुम्ही रविवारी सांगितलंत. शाळा तिनं चौथीतच सोडली. म्हणजे तिचा फोटो असायचाच, तर तो मीच काढलेला असायला हवा होता.

लग्नाला तात्यांनी कुंडलिकशेठला ठरवलं होतं. मी घर डोक्यावर घेतलं. घरात कलाकार असताना बाहेरचा माणूस कशाला? शेठ भला माणूस, त्यानं त्याचाच कॅमेरा मला दिला आणि छत्तीस फोटोंचा एक रोल दिला. देताना म्हणाला, "आधी नवरीचं तोंड घ्यायचं गड्या. एकटीचं, मग जोडीचं, मग घरच्यांचं. एवढं झालं की मग तुझी कला कर." त्याची ही ठरलेली रीत. एवढ्या वर्षांत त्यानं ती कधी मोडली नाही. मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, म्हणून तर हा आयुष्यभर बारामतीत राहिला.

मी काय काढलं? गजी ढोलावर नाचणाऱ्यांचे पाय. हवेत उधळलेला भंडारा. तात्यांच्या पागोट्याच्या घड्या. मांडवाच्या भोकांतून ताटांवर पडलेलं ऊन. अक्का तीन फोटोंत आहे. एकात मुंडावळ्या आणि डोक्यावरून ओढलेला पदर, एकात पाठ, एकात नुसते हात. दिवाळीला मी ते तुम्हाला दाखवले तेव्हा तुम्ही सगळे चाळून म्हणालात, "पाव्हणं, ह्यात आमी कुठं हाय?" मला राग आला होता. यांना काय कळतंय, असं मी परतताना एसटीत बसून स्वतःलाच सांगत होतो.

खरं सांगायचं ते पुढेच आहे.

पाठवणीच्या वेळी पस्तीस झाले होते, एकच राहिला होता. तुमची जीप रस्त्याला लागली की मागे धूळ उठेल, त्यावर मावळतीचं ऊन येईल, हे मी सकाळीच हेरून ठेवलं होतं. अक्का जीपजवळून परत माझ्याकडे आली. पदर मागे सारला, डोळे पुसले आणि म्हणाली, "सिद्धू, माझा एकटीचा एक काढ की रं. आईला ठिवायला."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. फ्लॅशच्या मागं एक बटण असतं, फ्लॅश चालतो का ते बघायचं. मी तेवढंच दाबलं. लख्ख उजेड पडला. अक्का हसली होती, दाजी. रडून सुजलेल्या तोंडानं पण चांगली हसली. मग विचारलं, "आला का रं नीट? डोळं तर मिटलं न्हाईत न्हवं?"

"झकास आलाय," मी म्हणालो. आणि तुमची जीप निघाल्यावर मी धुळीचा फोटो काढला.

त्यालाच बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, या मुलाकडे दृष्टी आहे. पेपरात छापून आलेलं ते कात्रण मी कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडत होतो.

अक्का तो फोटो विसरली नाही. तुम्हाला तिनंच सांगितलं असणार. आली की पहिल्यांदा तेच, "आला का माझा फोटू?" मोठा करायला टाकलाय, असं मी दर वेळी सांगायचो. तेव्हा मनात आणलं असतं तर शेठच्या पाया पडून एक रोल घेता आला असता, तिला अंगणात उभी करून काढता आला असता. पण मग आधीचं नाटक उघडं पडलं असतं. दोन वर्षं मी माझी लाज झाकत बसलो. शेवटचं तिनं दवाखान्यात विचारलं. काविळीनं डोळे पिवळेजर्द झाले होते, उत्कर्षा महिन्याचीही नव्हती. म्हणाली, "आता तरी आण. पोरीला दावायला हुईल." मी म्हणालो, "आणतो की." तिसऱ्या दिवशी ती गेली.

मला वाटायचं, चेहरे काय, कुणीही काढतं. कलाकार व्हायचं म्हणजे घरच्यांना कळणार नाही असं काहीतरी करायचं, एवढंच मला उमगलं होतं. तेवढं मात्र मन लावून केलं. आता पासपोर्टला येणाऱ्या परक्या माणसांची तोंडं मी नीट बघतो, भुवई बघतो, ओठ बघतो, आणि संध्याकाळी घरी आलो की आईच्या तोंडाकडे बघवत नाही.

गेले पंधरा दिवस अक्काचं चित्र काढायला बसतोय. पेन्सिलीनं. चाळीसेक कागद फाडले. पाय जमतात, हात जमतात, पदराच्या चुण्या तर अगदी हुबेहूब. तोंडाशी आलो की हात थांबतो. रविवारी द्वारकामावशी उत्कर्षाला माझ्या मांडीवर देत म्हणाल्या, "बघ की, समदी आईवर गेलीया." मी "व्हय" म्हणालो. खूप वेळ बघितलं पोरीकडे. मला काहीच ओळखू आलं नाही.

आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. ती समजते, फोटो मी नंतर तुमच्या घरी पोचवलाय. श्राद्धाला येईल तेव्हा ती भिंतीकडे बघणार. तिथं काय सांगायचं ते तुम्ही सांगाल तसं मी सगळ्यांसमोर सांगेन. तुम्ही दारात उभं केलं नाहीत तरी माझी तक्रार नाही.

एकच विचारायचं आहे. आई-तात्यांना विचारायला तोंड नाही, आणि दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. अक्काच्या गालावर तीळ होता. उजव्या गालावर होता की डाव्या? एवढं उलट टपालानं कळवा.

अक्काचा भाऊ,
सिद्धू