दीपगृहातला खून, मराठीतून

प्रिय दादा,

बाबांची तब्येत बरी आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. उजवा हात अजून जड आहे, पण भिंतीला धरून गॅलरीपर्यंत येतात आणि खालच्या शिंप्याकडे कोण आलं, कोण गेलं यावर नजर ठेवतात. चहात साखर कमी पडली की डोळे वटारतात. म्हणजे स्वभाव शाबूत आहे.

गेले काही दिवस दुपारी मी त्यांना ती दीपगृहातल्या खुनाची कादंबरी वाचून दाखवत होते. तीच, जिच्यासाठी तू आणि बाबा पाळीपाळीनं दार लावून बसायचात. मी अर्ध्यावर असताना जेवता जेवता बाबांनी खुनी कोण ते सांगून टाकलं होतं आणि मी त्यांच्याशी अबोला धरला होता. यंदा मात्र ती मराठीतून वाचली. हसशील तू. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेला माणूस. भाषांतर म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास, असं चारचौघांत म्हणणारा.

झालं असं, की दवाखान्यातून आल्यावर त्यांनी मूळ पुस्तक मागून घेतलं. मांडीवर दुपारभर एकच पान. मला वाटलं डोळ्यांना त्रास होतोय, म्हणून चष्मेवाल्याकडे नेलं. त्यानं नजर ठीक आहे म्हटलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अक्षरं ओळखतो गं मी. शब्द आत शिरत नाहीत." बोललेलं इंग्रजीही तसंच झालंय. डॉक्टर म्हणतात, अशा झटक्यात कधी कधी शिकलेली भाषा जाते आणि घरची राहते. परत येईलही, खात्री देता येत नाही. बाबांनी मला बजावलं, "कुणाला बोलायचं नाही. दादाला तर नाहीच."

मग मी वाचनालयातून भाषांतर आणलं. पहिल्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. कादंबरीतली म्हातारी मोलकरीण पोलिसाला म्हणते, "साहेब, मेलेला माणूस उठून कडी लावत नसतो, आणि मी लावलेली कडी मी विसरत नसते." बाबांचे खांदे हलले. "बरी बोलते ही," म्हणाले आणि माझ्याकडे वळले. इंग्रजीत ती बाई मला आठवतही नाही. मराठीत ती आपल्या मावशीसारखी फटकळ झाली आहे. उलट समुद्राची वर्णनं इतकी अवघडली आहेत की तिथं मी गुपचूप दोन-चार ओळी गाळायचे.

खुनी कोण हे बाबा साफ विसरलेत. त्यांचा संशय सुरुवातीला कादंबरीतल्या डॉक्टरवर, मग पुतणीवर, मग पुन्हा डॉक्टरवर. मी तोंडाला कुलूप लावून बसले. शेवट आला तेव्हा बाबा उठून बसले, ते पान पुन्हा वाचायला लावलं, खूप खूश झाले. जरा वेळानं म्हणाले, "मुळात कसं असेल गं हे?" मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. रविवारी तुझा फोन आला. तुम्ही दोघं तुझ्या शाळेपासून इंग्रजीतच बोलता, त्यात मी कधी नसते, म्हणून मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात होते. "यस, यस, गुड" ऐकू येत होतं. हल्ली बाबा फोनवर तेवढंच म्हणतात. तुला वाटत असेल, थकलेत. फोन ठेवला आणि बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी मला जवळ बसवून म्हणाले, "त्यानं काहीतरी मोठं सांगितलं. मध्येच त्याचा आवाज भरून आला. आणि मी गुड म्हणालो." दादा, तू काय सांगितलंस ते मला ठाऊक नाही, मला सांगितलं नाहीस तरी चालेल. पण त्या 'गुड'चा काही अर्थ मनाशी लावला असशील, तर तो पुसून टाक. हे पत्र त्यांनीच लिहायला लावलंय. इंग्रजी गेल्याचं फोनवर सांगितलं तर तू स्वतःचं बाजूला सारून त्यांचीच विचारपूस करत बसशील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पुन्हा फोन कर आणि ते सगळं मराठीत सांग. वहिनीला आणि पोरांना मराठी येत नाही, घरात ती बोलली जात नाही, त्यामुळे तूही अडखळतोस, हे बाबांना माहीत आहे. "अडखळू दे," म्हणाले, "मी ऐकतोय म्हणावं."

तुझीच,
टिल्ली