सुपाच्या तिवईची तारीख

काठमांडू, १८ सप्टेंबर २०२४

ती. रूपाताईस,
आकाशचा सप्रेम जय भीम.

फोन नदीत पडला, म्हणून आता पत्रावरच भागवतोय. तुझं पत्र वाचलं. मायचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसवत नाही म्हणून इथं वर्कशॉपात सुपाच्या आकाराची तिवई केली. मालकानं ९ एप्रिलला तिच्या डिझाइनचा अर्ज इथल्या सरकारात करायला लावला. मग एक तिवई घरी धाडली. मला वाटलं, झालं काम. आता तू म्हणतेस, इथली नोंद तिकडं चालत नाही, अन् चितेगावात एकानं तशाच तिवया ठोकायला घेतल्यात.

सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ९ ऑक्टोबरपर्यंत, आपल्याकडं अर्ज केला तर इथलीच तारीख धरतात, असं तू लिहिलंस. म्हणून अर्जाची शिक्क्याची नक्कल सोबत पाठवतोय. आधीच निघाली असती, पण वाटेत एक मेंढीवाला भेटला. त्याच्या काठीची मूठ बघण्यात दोन दिवस गेले. रागवू नको. कंपनीतली नोकरी सोडून भटकतोय म्हणून आबा अजून माझं नाव घेत नाहीत का?

लोभ आटू देऊ नको.
तुझा, आकाश

चितेगाव, १० ऑक्टोबर २०२४

चि. आकाश,
जय भीम आणि आशीर्वाद.

नक्कल ४ तारखेला मिळाली. उघडली अन् आधी नावच वाचलं. अर्जदार: आकाश भामाबाई. मायचं नाव लावलंस, आबांचं नाही, आडनाव नाही. येड्या, इथल्या अर्जात तू आकाश कडुबा दाभाडे आहेस. अर्ज करून देणाऱ्या वकील मॅडम म्हणाल्या, दोघं एकच हे दाखवा, नाहीतर काठमांडूची तारीख मिळायची नाही अन् आपल्या अर्जाआधीच त्या तिवया ठोकणाऱ्याचा माल बाजारात आला असं धरतील. तुझा कागद यायला पंधरा दिवस, हातात पाच.

आबांनी नक्कल दोनदा वाचली अन् उठून गेले. मला वाटलं, संपलं. सोमवारी सकाळी बघते तर इस्त्रीचा सदरा घालून तिवईवर बसलेले, गुडघे पार छातीशी. आजवर शिवले नव्हते तिला. माझ्यासोबत एसटीनं शहरात आले, प्रतिज्ञापत्र करून दिलं. नोटरीनं विचारलं, पोरानं तुमचं नाव का गाळलं. आबा म्हणाले, "तिच्या गुडघ्यासाठी केलंय त्यानं. तिथं माझं काय काम? पोरगं माझंच हाय, लिहा."

अर्ज ८ ला गेला. मानायचं का नाही ते ऑफिस ठरवणार, धास्ती आहेच. तुझंही प्रतिज्ञापत्र लगेच धाड. वाटेत मेंढ्या बघू नको.

मायची माया, माझा धाक.
रूपाताई

काठमांडू, २३ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं तेव्हा पोखऱ्याच्या गाडीत बसलो होतो. उतरलो. प्रतिज्ञापत्र सोबत आहे.

एक काम कर. आबा झोपले की दोरीनं त्यांचं टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घे, अन् मला धाड. मायच्या मापाची बुटकी तिवई त्यांना जमायची नाही. नवी करतो, पण तिचा अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवायची नाही.

सगळ्यांना जय भीम. आबांना आधी.
तुझा,
आकाश भामाबाई कडुबा दाभाडे