हरभऱ्यातलं विमान

मोताळा, ता. ५ डिसेंबर २०२५

ती. सिंधूताईस,
धाकट्या प्रसेनजितचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोललो की बाबा स्पीकर लावायला सांगतात, आणि गोष्ट त्यांचीच आहे, म्हणून पत्र.

रोज जेवताना टीव्हीवर लढाऊ वैमानिकांची मालिका असते. ते वैमानिक भंगारातून काहीही उभं करतात. मागच्या आठवड्यात त्यांनी शत्रूला फसवायला लाकडाचं खोटं विमान उभं केलं. बाबांनी हातातला घास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी हरभरा खाणाऱ्या नीलगायींना, आपल्या रोहींना, पळवायला त्यांनीही शेतात विमान बांधलं. धड म्हणजे आपली लोखंडी खाट, पंख म्हणजे न्हाणीघराचं दार, पुढे कूलरचा पंखा. मी हटकलं तर म्हणाले की, तुले काय समजते बे, बुजगावण्याले आता रोही मामा म्हणतात.

येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, म्हणजे चौदा तारखेला डोणगावची मंजुश्री वडिलांसोबत आपलं घर पाहायला येणार आहे. शेत वाटेवरच आहे. मी दहावी नापास, त्यात हे विमान, आणि न्हाणीघर उघडं. मला मंजुश्री आवडली आहे, हे फक्त तुला लिहितो. काहीतरी सुचव.

दाजींना जयभीम. लोभ चौदा तारखेपर्यंत तरी कमी करू नये.

तुझा,
प्रसेनजित


वरवट बकाल, ता. ९ डिसेंबर

चि. प्रसेनजितले,
ताईचा जयभीम अन् एक चापट.

तुझं पत्र वाचून दाजी इतके हसले की सासूबाई पाणी घेऊन धावल्या. बाबा कोणाचं ऐकत नाहीत, तुले माहीत हाय. न्हाणीले आईची जुनी साडी लाव. विमानावर हिरवा मका कापून टाक, दुरून चाऱ्याचा ढीग वाटंल. अन् पाहुण्यांसमोर नखं खाऊ नको. मंजुश्रीकडे पाह्य, खाली नको. मागच्या वेळी तिच्या घरी तुझं लग्न फरशीशी ठरते का काय, असं मले वाटलं.

जेवत जाय. माया आहेच.

तुझी ताई


मोताळा, ता. १५ डिसेंबर

ती. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे विमानावर मका टाकला. बाबा रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पाठ थोपटली. मालिकेतही विमानं पाल्याखालीच लपवतात म्हणे.

काल पाहुण्यांची गाडी शेतापाशी येऊन थांबली. पाहतो तर रोहींचा कळप विमानाला घेरून मका खात होता. एक पंख पूर्ण उघडा पडलेला. कूलरचं पातं वाऱ्यानं फिरत होतं, त्याची कोणाला पर्वा नव्हती.

मंजुश्रीचे वडील धम्मरत्नकाका उतरले. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं की, कचरूभाऊ, याले शेपूट काऊन नाही. तेही मालिका पाहतात. मग दोघं बांधावर बसून शेपटीचंच बोलत राहिले. चहा शेतात न्यावा लागला. माझी दहावी आणि न्हाणीघर, दोन्ही तशीच झाकलेली राहिली.

मंजुश्रीनं मात्र विचारलं, मका कोणी टाकला. मी खाली पाहिलं नाही. मीच टाकला, विमान लपवायला टाकला, असं खरं सांगितलं. ती वडिलांना म्हणाली की, जो रोहीले बोलावून जेवू घालते, तो मले काही उपाशी ठेवत नाही, हो म्हणून टाका.

लग्न मे महिन्यात आहे. शेपटीसाठी पत्रा डोणगावहून येणार, म्हणजे विमान काही मोडत नाही. मी कूलरचा पंखा परत मागितला तर बाबा म्हणाले की, वैमानिक उन्हाची तक्रार करत नाहीत.

दाजींना जयभीम. तुझा लोभ असू दे, आणि आहेरात कूलर असू दे.

तुझा,
प्रसेनजित