गोदा, वय बावन्न

कुंभकोणम्, शुक्रवार

तीर्थस्वरूप नागलक्ष्मीअक्कांच्या चरणी धाकट्या गुरुमूर्तीचा साष्टांग नमस्कार. तंजावरास तुमचा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही सारे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पण चार दिवस मला एका जागी बसवत नाही. हे पत्रही तीनदा उठून लिहितोय.

झालं असं. मला फार तहान लागते म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. मीनाक्षी बाटली घेऊन तलावाजवळच्या तपासणीखोलीत गेली (पदराखाली, चोरीचं तूप न्यावं तशी). तिथल्या सुंदरेश गुमास्त्यानं विचारलं, कुणाची? आता आपल्या घरची बाई नवऱ्याचं नाव घेते का? ती म्हणाली, गोदाच्या अप्पांची. त्यानं लिहिलं, गोदा. वय मात्र तिनं माझं चोख सांगितलं (वयाला मनाई नाही). निळं औषध घालून उकळलं, ते विटेसारखं लाल झालं, आणि कागद आला की गोदाला साखर आहे, तीही भरपूर.

अक्का, सोळा वर्षांची लेक माझी, अंगावर मांस नाही. डॉक्टरांनी कागद बघितला, माणूस बघितलं नाही. भात बंद, कॉफीतली साखर बंद, सोमवारपासून रोज सुई. पोर उपाशी रडत होती, तिच्याकडे बघून तिची आई रडत होती. माझा कागद आलाच नाही, तेव्हा मी धडधाकट असं मीच ठरवलं, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून गोदाच्या वाटणीचा साखरभातही मीच संपवला.

आज राहवेना. जाऊन सुंदरेशाला वही उघडायला लावली. त्यात ओळ होती: गोदा, वय बावन्न. घरी आलेल्या कागदावरही तेच होतं, आणि चार दिवस मी तो खिशात घालून हिंडत होतो. सुंदरेश म्हणतो, ऐकलं ते लिहिलं, चूक कुठे? मी तिथंच नवी बाटली दिली, चिठ्ठी स्वतः चिकटवली, उकळेपर्यंत समोरून हललो नाही. लाल. मग गोदाची तपासली, निळ्याची निळीच राहिली. ती सुई धडधाकट पोरीला टोचली असती तर बेशुद्ध पडून जिवावर बेतलं असतं, हे डॉक्टरच म्हणाले. आता त्यांनी फर्मान काढलंय: नाव, बापाचं नाव, वय, सगळं लिहून मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि औषध सांगण्याआधी रोगी समोर उभा करायचा. इतके दिवस काय झोपले होते? बेफिकीर लोक, दुसऱ्याच्या जिवाशी खेळतात.

भावोजींस नमस्कार.

तुमचा,
गुरुमूर्ती

ता. क. सुंदरेशाला बेफिकीर म्हटलं खरं. पण डॉक्टरांनी बाटली घेऊन मलाच जायला सांगितलं होतं. भर रस्त्यातून ते घेऊन जायची लाज वाटली, म्हणून मीनाक्षीला पाठवलं.

पुन्हा ता. क. आज घरी येऊन मी तिलाच नाही नाही ते बोललो. ती जेवली नाही. चूक माझी, हे मला तोंडानं म्हणवत नाही. तेवढं तुम्ही तिला लिहा, आणि लगेच लिहा. सोमवारची सुई आता मला आहे, आणि मीनाक्षी सोबत आली नाही तर माझ्यानं जाववणार नाही.