तिसऱ्या तारेवरचं बोट

तिलक नगर, जयपूर
४ जानेवारी २०२६

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार वगैरे लिहायला हवं, पण तू हसशील. आम्ही सगळे मजेत. आईनं तुझ्यासाठी चिवडा आणि तिळाच्या वड्या बांधल्यात, त्याच डब्यात हे पत्र सरकवतोय. माझा फोन तू उचलत नाहीस, आईचा डबा मात्र उघडशीलच. माझं देवनागरी हिंदी शाळेतलं आहे, चुका काढत बसू नकोस.

सध्या मी दिवसभर गच्चीवर असतो. धुकं उशिरा विरतं, आणि मग ऊन असं मऊ पडतं की आपण जागे आहोत की झोपेत ते कळत नाही. संक्रांतीला अजून वेळ आहे, तरी आभाळात आत्तापासूनच पतंग. मांज्याचा एखादा तुटका धागा कठड्यावरून सरकत जातो, त्याच्याकडे बघत मी गिटार छेडत बसतो. बाबा मार्चमध्ये विमा कंपनीतून निवृत्त होतील, मग आपण हे घर सोडून सांगलीला. मतलब, या गच्चीवरची ही शेवटची संक्रांत.

नेटवर टाकलेली माझी गाणी तू ऐकतेस हे मला माहीत आहे. मागच्या गाण्याखाली तू एवढंच लिहिलंस, ‘प्रथ्या, इतकं उदास?’ सगळ्यांचं तेच. बाबांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढला आणि विचारलं, “जेवतोयस ना नीट?” आदर्श नगरात माझा दोस्त पवन राहतो, त्याच्या खोलीत आम्ही भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंग करतो. तो म्हणाला, “भाई, तेरा गाना सुनके लगता है छोरी मंडप से भाग गई.”

मग मी भाषण ठोकतो. मायनर कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले हळवे सूर, हे काही रडगाणं नव्हे. आजकालची पुष्कळशी नाचायची गाणीसुद्धा मायनरमध्ये असतात. खाली ढोल खुशीत, वर कॉर्ड हळवी. ऐकणाऱ्याला नाचावं की डोळे पुसावेत ते ठरवता येत नाही, म्हणून तो गाणं पुन्हा लावतो.

पवन सगळं ऐकून घेतो. “वो ठीक है, पर तेरा गाना खुलता कहाँ है?”

त्याचं खरं आहे. इतरांचं गाणं मायनरमध्ये घुटमळत वर चढतं आणि ध्रुवपदाला उजळ मेजर कॉर्ड येते, अंधाऱ्या जिन्यातून एकदम गच्चीवर आल्यासारखी. माझ्या गाण्यांत जिना संपतच नाही. लोकांना वाटतं मी फार खोल माणूस आहे. मीही वाटू दिलं.

ताई, आता खरं सांगतो. गिटारवर ई मायनरला दोन बोटं लागतात, मधलं आणि अनामिका. त्यातच तर्जनीनं तिसरी तार दांडीवरच्या पहिल्या घरात दाबली की ई मेजर होते. एका बोटाचा फरक. तूच शिकवलंस मला.

माझी डाव्या हाताची तर्जनी वाकत नाही.

त्या दिवशी बस्सी गावाहून येताना स्कूटर तू चालवत होतीस, नीलगाय आडवी आली आणि आपण पडलो. त्यात तुझा काय दोष? तू बंगळूरला गेल्यावर मी फोनवर म्हणालो, ‘बोट एकदम टकाटक’. तुला ते पटलं नसणार, नाहीतर दोन दिवाळ्या तू घरी यायचं टाळलं नसतंस. बाकीच्या बोटांनी कसरत करून पाहिली, पण ते ताठ बोट मध्येच लुडबुडतं. मग जी कॉर्ड हाताला लागत होती तिच्यातच गाणी केली, आणि पुढे तीच आवडायला लागली. तुझ्यावर राग कधीच नव्हता गं. तुला जे उदास ऐकू येतं ते हे बोट आहे, आणि तुझी आठवण. ती मात्र फार येते.

आता या गच्चीचं एक गाणं केलंय. त्यात पतंग आहेत, अंधार पडल्यावर घराघरांवरून आभाळात सुटणारे कंदील आहेत, ‘खाली या रे, जेवण गार होतंय’ असं ओरडणारी आई आहे. संक्रांतीच्या संध्याकाळी आईबाबांना इथेच म्हणून दाखवायचंय. सबंध गाणं मायनरमध्ये, फक्त शेवटची कॉर्ड मेजर. पवन म्हणतो, ती दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेऊ, पाठीमागून रेकॉर्डिंग सोडू. मी नाही म्हटलं.

ती अशी वाजेल. मी माझी दोन बोटं धरतो आणि छेडतो. तू माझ्या डावीकडे बस, शिकवताना बसायचीस तशी, आणि तिसरी तार पहिल्या घरात दाब. जोरात दाब, घाबरू नकोस, मला दुखत नाही. येताना नखं कापून ये.

आली नाहीस तर गाणं मायनरवरच थांबेल. तेही काही वाईट वाटणार नाही. पण मला एकदा तो जिना संपलेला ऐकायचाय.

दोन बोटं धरून बसलेला,
तुझा प्रथ्या